सेनापतीची शिकार

पूर्वी शाल्मली नगरीवर जयंतक राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व डोंगरापलीकडच्या अरण्यात सांबराच्या योनीत जन्मला होता आणि मोठ्या कळपाचा सांभाळ करीत होता.

जयंतकाचा सेनापती दृढवर्मा शूर म्हणून नावाजलेला होता. एका लढाईत त्याने वेत्रपूर नावाचे गाव वेढले. शत्रूचे सैनिक गावच्या दगडी कोठारात लपले आहेत असे त्याला वाटले. त्याने दाराला बाहेरून लोखंडी अडसर घालायला लावला आणि छपराला आग लावली. आत सैनिक नव्हते; बायका होत्या, मुले होती, म्हातारी माणसे होती. किंकाळ्या ऐकून दृढवर्म्याला ते कळले. त्याने घोडा वळवला आणि मागे न पाहता तो निघून आला.

त्या दिवसापासून त्याच्या कानांतला आक्रोश थांबेना. झोप गेली, अन्न गोड लागेना. एकदा भर दुपारी त्याची पत्नी सुप्रभा घरात आली, तर तो आपल्याच खोलीचे उघडे दार बडवत ओरडत होता, "उघडा! उघडा!"

तिने राजवैद्याला बोलावले. वैद्य म्हणाला, "याला काढ्याचा उपयोग नाही. सेनापती, रानात जा, शिकार करा. शिकाऱ्याचे मन एका जागी ठरते. मन ठरले की दुखणे बरे होते."

वैद्याचे बोलणे अर्धे खरे ठरले. सावजाच्या मागे दबकत जाताना दृढवर्म्याला फक्त पाचोळ्याची सळसळ ऐकू येई. तेवढा वेळ तो पूर्वीसारखा माणूस असे. पण बाण सुटून जनावर कोसळले, की आक्रोश पुन्हा सुरू होई. मग तो पडलेल्या जनावराकडे न बघता दुसऱ्याच्या मागे लागे. घायाळांना संपवण्याचे काम सेवक करीत. अरण्यात गिधाडे दाटली. मेलेल्या माद्यांच्या आचळांना पाडसे लुचू लागली.

बोधिसत्त्वाने हे पाहिले. 'हा मांसासाठी मारीत नाही,' त्याने जाणले. 'याच्या आत काहीतरी जळते आहे.' कळपाला दूर पाठवून तो एकटाच उघड्या माळावर येऊन उभा राहिला. दृढवर्म्याचा बाण त्याच्या बरगड्यांत रुतला. सेवक सुरे घेऊन धावले, तेव्हा सांबर माणसाच्या वाणीने बोलले, "सेनापती, बाण तुझा आहे. शेवटपर्यंत तूच ये."

सेवक भिऊन पळाले. सांबर काटेरी जाळीत शिरले. रक्ताच्या मागावर दृढवर्मा चालत राहिला. तो मागे पडला की सांबर थांबे. अखेर एका ओढ्याकाठी ते खाली बसले.

"इथे बस," ते म्हणाले.

"मला पाहवत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर बोलावले."

दृढवर्म्याने सांबराचे डोके मांडीवर घेतले. त्याच्या नाकपुड्यांतून रक्ताचे बुडबुडे येत होते.

"तुला माझा राग येत नाही?"

"राग धरायलाही बळ लागते. ते मला तुझ्याशी बोलायला हवे होते." सांबर दम घेऊन पुढे म्हणाले, "माग काढताना तू दुसऱ्या जिवाकडे सगळे चित्त लावतोस, म्हणून तुला बरे वाटते. बाण लागला की तोंड फिरवतोस. आमचा कळप वेत्रपुरावरून पाण्याला जातो. तिथे हाडे अजून तशीच पडली आहेत."

प्राण जायला फार वेळ लागला. दोनदा दृढवर्मा उठायला गेला, दोनदा पुन्हा बसला. शेवटी त्याने त्या देहावर दगड रचले आणि तो पायीच वेत्रपूरला गेला.

त्याने अडसर उचलला. सर्वांत जास्त हाडे दाराशीच होती.

तो ती एकेक बाहेर आणू लागला. गावात उरलेली रेवती नावाची म्हातारी जवळ आली.

"कोण रे तू?"

"दार बंद करवले, तो."

तिने धोंडा उचलून त्याच्या कपाळावर मारला. रक्त पुसून तो पुन्हा आत गेला. एका लहानशा हाडाभोवतीचे पितळी वाळे पाहून ती मटकन खाली बसली. ते तिच्या नातीचे होते. ऊन कलले, तरी ती हलली नाही.

"तुला कधी क्षमा करणार नाही," ती म्हणाली.

"करू नका, आजी."

त्याने रचलेली चिता पेटेना. म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "ओली लाकडे आहेत ती. सुकी गोठ्यामागे आहेत."

दृढवर्मा तिथेच राहिला. त्याने पुन्हा शिकार केली नाही. काही रात्री त्याला झोप लागे. ज्या रात्री आक्रोश येई, त्या रात्री तो कान झाकीत नसे. उठून बसे आणि शेवटपर्यंत ऐके.

ही कथा सांगून शास्ता भिक्षूंना म्हणाला, "पूर्वी सैनिक असलेला आणि झोपेत ओरडून उठणारा हा भिक्षू तिष्यगुप्त म्हणजेच त्या जन्मीचा दृढवर्मा. त्याच्या उशाशी पाणी ठेवणारी उपासिका धम्मवती ही तेव्हाची रेवती. सांबर मीच होतो. ज्याने आपल्याला मारले, त्याच्याच दुखण्याची काळजी वाहावी, याला क्षांती म्हणतात."