पाठीवरचा लाल दोरा

हा लाकडी पूल. याच्याखाली आमचे रंगारी रेशीम धुतात. पलीकडच्या देवळात लग्न असलं, की नवरदेवाची पाठ बघा. काळ्या किमोनोवर, मानेखाली, एक लाल दोरा लोंबत असतो. पाहुणे हसतात. शिंप्याला कापायचा राहिला म्हणतात.

राहिलेला नाही तो.

मोठ्यांच्या किमोनोला पाठीवर मधोमध शिवण असते, ती माणसाची राखण करते. लहान मुलाचं कापड एकसंध, शिवण नाही. म्हणून तिथे लाल टाके घालून दोरा सोडतात. पोर पाण्यात पडलं तर देवाला धरून ओढता यावं.

असं सांगतात, की इथे कियो नावाची भरतकाम करणारी मुलगी होती. आईबाप गेलेले. पाच वर्षांचा भाऊ तोमा, एवढंच तिचं माणूस. पाचव्या वर्षी पोराला नटवून देवळात नेतात, म्हणून तिनं त्याचा किमोनो भरला. हजार वर्षं जगणारे सारस, दहा हजार वर्षं जगणारं कासव. पोरानं खूप जगावं, दुसरं काही त्या कापडावर नव्हतंच.

निघताना शेजारच्या काकूनं पाहिलं. "अगं, दोरा लोंबतोय!"

"तो ठेवायचा असतो, काकू."

"घरात ठेव. आज गाव बघणार. म्हणतील, एवढं काम केलं आणि शेवटाला कंटाळली."

कियोला ते लागलं. तिनं दोरा दातानं तोडला.

परत येताना याच पुलावर तोमा खालचं रेशीम बघायला वाकला आणि पाण्यात गेला. रंगाऱ्यांनी पाहिलं म्हणे, पाण्यातून एक पांढरा हात वर आला. पोराच्या पाठीवर फिरला. पुन्हा फिरला. आंधळ्यासारखा चाचपत राहिला. मग रिकामाच खाली गेला.

देव आला होता हो! येऊन परत गेला!

त्यानंतर कियोनं शिवलेल्या प्रत्येक कपड्याला दोरा सोडला, मोठ्यांच्यासुद्धा. कुणी हटकलं तर म्हणायची, "बुडताना कोण मोठा असतो?"

आजही आमच्याकडे तो कुणी कापत नाही. पण रोज किमोनो कोण घालतो? गेल्या महिन्यात माझा दादा इथूनच वाहून गेला. अंगात दुकानातला शर्ट होता. पाठ कोरी.

सापडल्यावर त्याला शेवटचा पांढरा किमोनो घातला, तेव्हा आई सुई घेऊन बसली. मी ओरडलो, "आता कशाला?"

ती म्हणाली, "मेल्यावरही एक नदी ओलांडायची असते, बाळा. त्याला पोहता येत नाही."