उठायला तयार नसलेला राजा

एका नगरात एक राजा होता आणि तो एका जागी बसत नसे. उदयभान त्याचं नाव. सिंहासनावर कमी आणि सिंहासनाभोवतीच जास्त असायचा. त्याच्या येरझारांनी गालिचे इतके झिजायचे, की विणकरांचं एक अख्खं गाव त्यावर पोट भरत होतं.

अस्वस्थ होण्यासारखं कारणही होतं. नदीपलीकडच्या राजा वज्रसेनाने निरोप धाडला होता, "लढाई करून माणसं कशाला मारायची? नदीच्या वाळवंटात कुस्ती ठेवू. तुमचा सगळ्यांत ताकदवान माणूस आणि मी. जो जिंकेल, नदी त्याची." उदयभान हो म्हणून बसला होता. कुस्ती महिन्यावर आली होती.

आता सगळ्यांत ताकदवान कोण? दरबार म्हणे, "हे काय विचारणं झालं, महाराज? आपणच." तसं दिसतही होतं. राजा आजवर एकही कुस्ती हरला नव्हता. दरबारी पैलवान त्याच्यापुढे पडून पडून इतके तयार झाले होते, की त्याने नुसता शड्डू ठोकला तरी दोघेतिघे आपोआप उताणे व्हायचे. एकदा राजाला शिंक आली, तर एक जण तेवढ्यानेही चीत झाला.

त्या शिंकेपासून राजाचं मन थाऱ्यावर नव्हतं. वज्रसेन काही शिंकेने पडणार नाही, एवढं त्याला कळत होतं. पण आपल्या अंगात खरोखर जोर किती, हे सांगणारं कुणी नव्हतं. जेवता जेवता तो उठायचा, उठून खिडकीपाशी जायचा, परत येऊन ताटाकडे बघायचा आणि पुन्हा उठायचा.

शेवटी एके सकाळी त्याने साधं धोतर नेसलं, डोक्याला आणि तोंडाला उपरणं गुंडाळलं, डोळे तेवढे उघडे ठेवले आणि कुणाला न सांगता चिंचखोप गावची जत्रा गाठली. तिथे कुस्त्या चालल्या होत्या. हलगी कडाडत होती.

पंच कृष्णाप्पांनी विचारलं, "पाव्हणं, तोंड का बांधलंय?"

"दाढ दुखतेय," राजा म्हणाला.

झालं. सगळ्या जत्रेला त्याच्या दाढेची काळजी लागली. कुणी लवंग आणून दिली, कुणी हिंग. एक म्हातारा तर दोरा घेऊनच पुढे आला. राजा कसाबसा सुटला आणि लाल मातीत उतरला.

समोर रखमाजी होता. नदीच्या पात्रात कलिंगडं लावायचा आणि उरलेल्या वेळात माणसं पाडायचा. कुस्ती लागली आणि राजा हरखला. हा गडी पडत नव्हता. राजाने ढकललं तर हा उलट ढकलत होता. जन्मात पहिल्यांदा राजाचा श्वास फुलला. रखमाजीने त्याची मान काखेत धरली आणि त्याला खाली दाबलं. तेवढ्यात त्याचा हात उपरण्याखालच्या कानाला लागला.

पैलवानांचे कान पाहिलेत कधी? मातीत घासून घासून ते सुजतात, मोडतात, सुक्या अंजिरासारखे होतात. हा कान मऊ होता, सरळ होता. रखमाजी चपापला. अंगात एवढी ताकद, डाव सगळे पाठ आणि डोकं मात्र कधी मातीत घासलंच गेलेलं नाही. असा पैलवान राज्यात एकच होता.

रखमाजीची पकड सैल पडली. सैल पडलेली पकड राजाला चांगली ओळखू येत होती.

"ओळखलंस?" त्याने खालूनच विचारलं.

"होय जी. आता मी पडतो. घरी म्हातारी आई आहे."

"तू पडलास तर वाळवंटात मला जावं लागेल आणि नदी जाईल. तुझी कलिंगडं कुणाच्या पाण्यावर?"

"नदीच्याच," रखमाजी म्हणाला.

"मग जोर लाव. काय व्हायचं ते खरं होऊ दे."

रखमाजीने डोळे मिटले आणि अशी धोबीपछाड घातली, की शेजारच्या गावात चुलीवरची भांडी खाली आली. राजाची पाठ मातीला टेकली. उपरणं सुटून लांब जाऊन पडलं.

हलगी थांबली. नेमके त्याच वेळी राजाला शोधत दिवाण त्रिंबकपंत शिपायांसह येऊन पोचले होते. गर्दीला टाळ्या वाजवाव्यात की पळावं, ते कळेना. लोक नुसते पाय बदलत उभे राहिले.

दिवाण म्हणाले, "महाराज पडलेले नाहीत. महाराज आडवे झाले आहेत."

एक शिपाई म्हणाला, "मी पाहिलं. जमीनच वर आली."

कृष्णाप्पांनी घाम पुसला. "दाढ दुखत असताना धरलेली कुस्ती आम्ही मोजत नाही," ते म्हणाले. रखमाजी तर हात जोडून म्हणायला लागला, "मीच हरलो, महाराज. उठा आता."

राजाने उठायला हात टेकला. सगळे कौतुकाने बघत होते. नुसतं उठून उभं राहायचं होतं. जिंकल्याचं त्यांनी परस्पर ठरवलंच होतं. राजाने हात पुन्हा मातीवर पसरला आणि पडून राहिला.

"पंच," तो म्हणाला, "माझी पाठ कुठे आहे?"

कृष्णाप्पांनी दिवाणांकडे पाहिलं, शिपायांच्या भाल्यांकडे पाहिलं, मग मातीकडे पाहिलं. "मातीला, महाराज."

"मग हात कुणाचा वर करायचा?"

कृष्णाप्पा पुढे झाले आणि त्यांनी रखमाजीचा हात वर केला. तेव्हाही कुणी टाळी वाजवेना. शेवटी गर्दीतून रखमाजीच्या आईचा आवाज आला, "अरे रखमा, जिंकलास ना? मग त्यांना हात दे की. उन्हात ठेवतोस काय?"

राजा हसत उठला. "वाळवंटात तू जायचंस," तो रखमाजीला म्हणाला.

दिवाण कानाशी कुजबुजले, "लोक म्हणतील, राजा हरला."

"म्हणू देत. त्यांनी पाहिलंय."

महिन्याने वाळवंटात रखमाजीने वज्रसेनाला असं आपटलं, की नदीची वाळू अजून तिथे खोलगट आहे. नदी जिथल्या तिथे राहिली. आणि कुणी त्या कुस्तीचा विषय काढला, की राजा उदयभान मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "त्याच्या आधी त्याने मला पाडलं होतं."

तात्पर्य: आपल्यापुढे सगळेच पडत असतील, तर आपण बलवान आहोत असं समजू नये. खरोखर पाडणारा माणूस शोधावा आणि त्याने पाडलं, तर पडलो असं मोकळेपणाने म्हणावं.