महालिंगची याचिका

“जिंकल्यातच जमा म्हणतोस, मग तोंड असं का उतरलंय?”

मठाचे स्वामी असलेल्या अप्पांनी महालिंगला विचारलं. वकील न लावता खंडपीठासमोर स्वतः उभा राहून बोललेला माणूस हा. गावात कुणी त्याच्या तोंडी लागत नसे. मठाच्या ओसरीवर मात्र तो खालच्या आवाजात बोलला.

“अप्पा, सरकारी वकील म्हणाले, याचिका मागं घ्या. तुमच्या गौराला कायमचं औषध देऊ, असं लेखी देतो.”

“आणि दवाखान्यात तिच्या वॉर्डातली बाकीची लेकरं?”

“त्यांच्यासाठी पण होती याचिका...”

गौराला थॅलेसेमिया. सारखं रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातलं लोह अंगात साठू नये म्हणून रोज औषध. सरकारी दवाखान्यात ते मिळेना, म्हणून त्यानं कोर्टाचं दार ठोठावलं होतं. लेकीवर त्याचा जीव होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

“उद्या सही करायची आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.”

अप्पांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “आधी जेवून घे,” म्हणाले.

पंगत बसली. अप्पा स्वतः वाढायला उठले. महालिंगच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यानं भाकरी-आमटी बघता बघता संपवली. शेजारी दात नसलेली काशव्वा अजून आमटीत भाकरी कुस्करत होती.

अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर आले.

“झालं ना? ऊठ, हात धू.”

महालिंग जागचा हलला नाही.

“ऊठ की.”

“असं कसं, अप्पा? पंगत जेवतीय अजून. मी एकटाच कसा उठू?”

“तुझं पोट भरलं ना?”

“भरलं, पण...”

अप्पा तांब्या धरून उभेच राहिले. महालिंगच्या बोटांवरची आमटी वाळत आली. त्यानं काशव्वाकडं पाहिलं, मग मान खाली घातली.

तो म्हणाला, “सही नाही केली आणि त्यांनी गौराचंच औषध अडवलं तर?”

“कोर्टात बोलताना भीती नव्हती वाटली?”

“वाटली होती.”

“मग?”

“तरी बोललो.” आता त्याचा आवाज खणखणीत निघाला. “उद्याही बोलेन. पण ते औषध देऊ करतायत, अप्पा... घेऊ, की नको म्हणू?”

अप्पांनी तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या पानावर आणखी एक भाकरी वाढली.

“पोटभर जेव, लेकरा. फक्त सगळ्यांचं होईस्तोवर उठू नकोस.”