ओलीचे पाहुणे

एका राज्यात वज्रधर नावाचा राजा होता. त्याची कोठारे एवढी मोठी, की आत शिरलेला बैल हाका मारून शोधावा लागे. एका वर्षी भांडारी जोत्याजीने भिजलेल्या गोण्या उघडल्या, तो आत मोहरीएवढे काळे भुंगेरे!

"महाराज, धान्य यांनीच नासले!"

राजाने मानले. आता बघा, ओल्या गोणीत किडा दिसला की दोष किड्याला. ओल आली कुठून, हे मुरलेला व्यापारीसुद्धा विचारत नाही. भुंगेरे मारायला राजाने राज्यभर धूर करवला, सालीखाली ते राहतात म्हणून रानातली वठलेली झाडेही जाळली.

तेव्हा रानातल्या मांत्रिकाने शाप दिला, "भुंगेरे जी बुरशी खात होते, ती आता तुझ्या घरी वाढेल."

सकाळी राजकन्या नीलाक्षीचे पाय लाकडाचे झाले होते आणि त्यांवर पांढरी बुरशी फुलली होती. लाकूड वर चढत होते, मागोमाग बुरशी. ती ओठांशी पोचली की श्वास संपणार.

राजा एकटाच रानात गेला. जाळण्यातून वाचलेल्या एका वठलेल्या सालईच्या झाडावर सुतारपक्षी बसला होता.

"भुंगेरे उरलेत का?" राजाने विचारले.

"या सालीखाली आहेत. माझे जेवण आहे ते."

"मला दे."

"तीन गोष्टी कर. धूर विझव. हे खोड स्वतःच्या खांद्यावर ने. आणि भुंगेरे कामाला लागले, की हात आवर."

"एवढेच?"

"तिसरी झाली की मग विचार."

धूर विझला. खोड महालात आले. राजाचा जरीचा अंगरखा सालीने फाटला. तोवर बुरशी नीलाक्षीच्या हनुवटीवर चढली होती. सालीतून भुंगेरे निघाले. पायांवरून, छातीवरून, थेट चेहऱ्यावर. राजाचा हात झटकण्यासाठी उठला.

"तात," ती कशीबशी बोलली, "चालताहेत माझ्या अंगावर, आणि थरथरता तुम्ही? हात खाली घ्या."

राजाने हात मांडीखाली दाबला आणि बसून राहिला. दालनात फक्त बारीक कुरतडणे ऐकू येत होते. बुरशी सरली तसतसे लाकूड मऊ झाले, त्यात रक्त फिरले. नीलाक्षीने पाय हलवला. शाप उतरला.

जोत्याजी केरसुणी घेऊन दारात आला. "महाराज, आता यांचे काय करू?"

"यांना राहू दे," राजा म्हणाला. "तू कोठाराचे छप्पर बघ."

छप्पर गळतच होते.

त्या राज्यात गोणीत भुंगेरा दिसला, तर अजून कोणी त्याला चिरडत नाही. माणसे आधी मान वर करून आढ्याकडे बघतात.