आठवणीवर जळणारे दिवे

एका राज्यात सात खिंडी होत्या, आणि राजवाड्याच्या गच्चीवर सात खिंडींचे सात दिवे होते. दिव्यांत तेल नव्हते. ते आठवणींवर जळत.

राजाच्या पणज्याच्या काळी एका मांत्रिकाने ही व्यवस्था लावून दिली होती. हेरगृहात शिकाऊ म्हणून जो येई, त्याने आपले नाव तांब्याच्या कलशात उच्चारायचे. त्याच क्षणी आई, बाप, बहीण, सखा, सारे त्याला विसरत. शत्रूने घरच्यांना कितीही छळले, तरी ठाऊकच नसलेल्या माणसाविषयी ते काय सांगणार? त्या विसरलेल्या आठवणीवर एक दिवा पेटे आणि हेर जिवंत असेपर्यंत जळे. दिवा जळे तोवर त्या खिंडीतून येणारा शत्रू दिसे. विझला की उतरणारे सैन्यही लोकांना धुके वाटे. हा खरे तर शाप होता. पण शंभर वर्षे सगळे त्याला व्यवस्था म्हणत आले.

पूर्वी दसऱ्याला हेरगृहाच्या दारात रांग लागे. पुढे घराघरांत जेवायला बसताना जादा पाट निघू लागले. कुणाचे, ते कुणाला सांगता येईना. लोक शहाणे झाले. दवंडी पिटावी तर हेरगृह गुप्त. म्हणून दवंडीवाला चौकात उभा राही, डफ वाजवी आणि काहीच न बोलता पुढे जाई. एकेक हेर मेला, एकेक दिवा विझला. उरले एकटे थोरले हेर आणि त्यांचा एक दिवा.

राजा अरिंजय म्हणाला, "दिवाळीच्या आत शिकाऊ आणा. नाहीतर हेरगृहात हत्ती बांधीन."

थोरले हेर आधी विद्यापीठात गेले. तिथे अकरा भाषा जाणणारा श्रीकंठ होता.

"हुद्दा काय?" त्याने विचारले.

"सांगता येणार नाही."

"काम?"

"सांगता येणार नाही."

"पुढे बढती?"

"माझ्याकडे पाहा."

श्रीकंठाने पाहिले, नमस्कार केला, आणि तो शेजारच्या राज्यात दुभाषी म्हणून गेला.

मग त्यांना कुंभाराची गाढवे हाकणारा भिवा भेटला. तो हसतच आला. "मला विसरायला कुणी नाहीच, थोरले. तुमचं काम सोपं." त्याने कलशात नाव घेतले. वातीतून धूर निघाला, ज्योत आली नाही.

कलशाच्या काठावर मांत्रिकाच्या काळापासून एक पिंगळा, बोलणारे छोटे घुबड, बसलेला असे. तो म्हणाला, "याची आठवण कुणाकडेच नाही. जळायचे काय?"

"म्हणजे इथंपण नाही," भिवा म्हणाला आणि गाढवांकडे गेला. त्याला काहीतरी सांगावे असे थोरल्या हेरांना वाटले. शब्द सापडेपर्यंत तो वळणापलीकडे गेला होता.

तिसरी आपण होऊन आली. काळखिंडीच्या तोंडाशी बकऱ्या चारणारी सगुणी. तिने फडक्याची गाठ सोडली.

"आजोबा, धुक्याला लीद पडते का?"

"नाही."

"मग ही बघा. ताजी आहे. तीन दिवस खिंडीत धुकं आहे, अन् बकऱ्या वर चढत नाहीत."

थोरले हेर ती लीद घेऊन राजाकडे गेले. राजाने विचारले, "काळखिंडीचा दिवा काय म्हणतो?"

"तो विझून सात वर्षे झाली, महाराज."

"मग माझ्या सैन्याने धुक्यावर बाण सोडायचे? आधी दिवा लावा."

त्यांनी परत येऊन सगुणीला सगळे सांगितले. काही लपवले नाही.

"पहिली आमचीच वस्ती जळेल," ती म्हणाली. "मी येते. पण आईला तुम्ही विचारा. माझ्यानं नाही विचारवणार."

आईला विचारण्याची रीत नव्हती. तरी थोरले हेर सगुणीबरोबर वस्तीवर गेले. तिची आई ठकू बकऱ्यांचे दूध काढत होती.

"तुमची लेक राज्याला हवी आहे."

"मलापण हवी आहे."

"तुम्हाला दुःख होणार नाही. काही आठवणारच नाही."

"ही समजूत घालताय, का धमकी देताय?" ठकूने भांडे बाजूला ठेवले. "बाबा, तुमची आई गेली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिच्या उशाशी. तिने विचारले, पाव्हणं, तुम्ही कुणाकडचे?"

ठकूने भांडे पुन्हा पुढ्यात ओढले. थोरले हेर उठले. बाहेर सगुणीला म्हणाले, "खिंडीच्या तोंडाशी थांब. नजर ठेव. मी निरोप धाडेपर्यंत हलू नकोस." तिला दिलेला हा पहिला हुकूम.

हेरगृहात येऊन त्यांनी पिंगळ्याला विचारले, "हा कलश फुटतो का?"

"ज्याचे नाव आत आहे, त्याच्या हातून फुटतो. दिवे जातील, शापही जाईल, सैन्य पुन्हा सैन्यच दिसेल. बाकीची नावे घरी परततील. फोडणाऱ्याचे कायमचे जाईल."

"हे इतकी वर्षे सांगितले का नाहीस?"

"कुणी विचारले नाही."

त्यांनी कलश उचलला आणि खाली ठेवला. पिंगळा खोटे बोलत असेल तर? एका आईच्या बोलण्यावर राज्य पणाला लावायचे? पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तो दगडावर पडला. आपण तो टाकला की हातातून सुटला, हे त्यांना पुढेही कधी नक्की सांगता आले नाही.

नावे बाहेर पडली आणि आपापल्या घरी गेली. बहुतेक घरांत त्यांना ओळखणारे कुणी उरले नव्हते. ती उंबऱ्यावर थोडा वेळ थांबली आणि विरून गेली. गच्चीवरचा शेवटचा दिवा विझला. आणि भर दुपारी काळखिंडीतले धुके फाटले.

आत दहा हजार घोडेस्वार होते. सगुणी त्यांच्या समोर होती. पळाली असती तर वाचली असती. पण निरोप आला नव्हता. तिने गवताची गंजी पेटवली आणि ओरडून वस्ती उठवली. धूर पाहून राजाचे सैन्य निघाले. माणसे वाचली, शत्रू परत फिरला. सगुणीला दोन बाण लागले होते; सैनिकांनी तिला नगरात नेले, पण ती वाचली नाही.

राजाने शापमुक्तीचा उत्सव केला आणि कलश आपल्या आज्ञेने फोडल्याचे दगडावर कोरून घेतले. आता नाव राखून हेर होता येई, म्हणून हेरगृहाच्या दारात पुन्हा रांग लागली. श्रीकंठही परत आला.

थोरले हेर मात्र उत्सवाला नव्हते. हेराच्या मरणाची बातमी घरी नेण्याची रीत त्या राज्यात कुणाला माहीतच नव्हती. तशी गरजच कधी पडली नव्हती. ते ठकूच्या दारात जाऊन नुसते उभे राहिले. ठकूला कळले. तिचे रडणे साऱ्या वस्तीने ऐकले. उन्हे उतरेपर्यंत ती रडत होती.

मग तिने विचारले, "तिनं नाव कलशात टाकलं असतं तर?"

"दिवा पेटला असता. सैन्य गच्चीवरूनच दिसले असते. कदाचित ती वाचली असती."

"अन् मी?"

"तुम्ही आत्ता दूध काढत असता."

"मग तुम्ही बरं केलं का वाईट?"

थोरले हेर तीन राजांना उत्तरे देत आले होते.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

ठकूने डोळे पुसले नाहीत. थोडी सरकली आणि ओट्यावर जागा केली.

"मग बसा इथं," ती म्हणाली. "मी एकटीनं नाही रडायची."