राखीव तळ्यातली नाळीची भाजी

पूर्वी पद्मखेट नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे प्रधान होते.

लढायांच्या धामधुमीत राजाचे बालपण नगराबाहेरच्या पाणथळीत, सामा नावाच्या दाईच्या झोपडीत लपून गेले होते. तिथल्या तळ्यावर नाळीची भाजी पसरलेली असे. सामा तिचे पोकळ देठांचे कोवळे शेंडे खुडी, लसणावर परती आणि पेजेबरोबर वाढी. आता सोन्याच्या ताटात पंचपक्वान्ने येत, पण राजाचा जीव त्या भाजीतच अडकलेला. ऐन मेजवानीत त्या आठवणीने त्याचे डोळे भरून येत.

शेवटी त्याने हुकूम काढला, तळ्यातली भाजी फक्त राजवाड्यासाठी. पहारे बसले. पाणथळीतल्या लोकांना पेजेला तोंडी लावायलाही काही उरले नाही. आणि गंमत अशी, की पावसाळा सरताना राजाच्या ताटात जी भाजी आली ती सुंभासारखी चिवट!

"या आचाऱ्याचा हात तोडा!" राजा गरजला.

बोधिसत्त्व पुढे झाले. "महाराज, त्या हुकुमावर शिक्का मी उमटवला. मीच तुम्हाला अडवायला हवे होते. तोडायचा तर माझा हात तोडा, पण आधी एकदा तळे पाहा."

राजा रागातच निघाला. तळ्यावर सगळ्या वेली जून होऊन फुलल्या होत्या. म्हातारी सामा काठाशी बसली होती.

"माय, हिचं हे काय झालं?" राजाने विचारले.

"बाळा, खुडली तरच ही कोवळी फुटते. गावाचे हात थांबले, तिथंच ती जून झाली."

बोधिसत्त्वांनी हळूच विचारले, "सामाबाई, लहानपणी महाराज किती जेवत?"

सामा हसली. "पुन्हा पुन्हा मागायचा बाई! मडक्यात असायची दोघांपुरतीच. मग माझ्या वाटची त्याला वाढायची आणि मी नुसती पेज प्यायची."

राजा तिथेच चिखलात बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याने पहारे उठवले, आचाऱ्याचे पाय धरले. नवे शेंडे फुटल्यावर तो स्वतः खुडायला आला. त्या दिवशी सामा पोटभर जेवेपर्यंत त्याने घास घेतला नाही.

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, घरच्या जेवणाच्या आठवणीत जो भिक्षू आज भिक्षापात्र दूर सारतो, तोच तेव्हाचा सुबाहू. त्याच्या पात्रात गुपचूप आपला घास घालणारी भिक्षुणी म्हणजे सामा. प्रधान मी होतो." ही दानपारमितेची, म्हणजे दानाच्या परिपूर्णतेची, कथा.