कुंदानं टाकलेला पासवर्ड

“आत चिटपाखरू नाही, महाराज. मग विचारलंत कुणाला?”

धर्मगिरी महाराज नदीवरून कमंडलू भरून आले होते. आपल्याच मढीच्या उंबऱ्याबाहेर ते थांबले, आतल्या रिकाम्या अंधाराला म्हणाले, “येऊ का?” क्षणभर थांबून मगच त्यांनी आत पाऊल टाकलं.

ओट्यावर वाट पाहत बसलेल्या अच्युतराव पोंक्ष्यांना हसू आवरलं नाही. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेला माणूस. ते उठले आणि महाराजांच्या मागोमाग सरळ आत जाऊन बसले.

“सवय आहे,” महाराज म्हणाले. “बोला मास्तर. काय दुखतंय?”

“दुखत नाही. अडलंय.”

अच्युतरावांनी पिशवीतून लॅपटॉप काढून मांडीवर घेतला आणि ते सांगू लागले. घरात खाली मुलगा श्रीरंग, वर ते. वायफाय खालचं, मुलाचं. झाकण उघडलं की लॅपटॉप आपला आपण जोडला जायचा. पासवर्ड त्यानं पोटात जपून ठेवला होता. कित्येक वर्षं.

“आता नाही?”

“मीच पुसला. यंत्रात तशी सोय असते... हे नेटवर्क विसरा म्हणून. रागाच्या भरात दाबलं.”

“राग कसला?”

“बायको गेली, कुंदा. तिचं शिवणयंत्र मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. श्रीरंग म्हणाला, बाबा, एका शब्दानं विचारायचं तरी! मी विचारायचं? माझ्याच घरात? त्या दिवसापासून मी खाली उतरलो, तरी त्याच्या दाराकडे न बघता.”

“मग यंत्राला सांगा, पुन्हा आठव.”

“ते पासवर्ड मागतं.”

“द्या की.”



“ठाऊक नाही.”

“विसरलात?”

“विसरायला आधी ठाऊक असावं लागतं, महाराज.” हे वाक्य वर्गात शोभलं असतं. इथं ते त्यांनाच नकोसं झालं. “पहिल्यांदा कुंदानं टाकला होता. खाली गेली, विचारून आली, टाकला. जपून ठेवू का, असं यंत्रानं विचारलं. तिनं हो म्हटलं. मला आपलं वाटायचं, ते घर मला ओळखतं.”

महाराजांनी कमंडलू कोपऱ्यात ठेवला.

“आणखी काय काय विचारून यायच्या त्या?”

श्रीरंगचा खोकला. नातीचा निकाल. रविवारी जेवायला खाली यायचं का. अच्युतराव फक्त पानावर जाऊन बसायचे...

हे आठवत ते लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले.

“बाजारात दुसरं वायफाय मिळत नाही का हो?”

“मिळतं. उद्या माणूस येऊन जोडून जाईल.”

“मग?”

अच्युतरावांनी लॅपटॉप मिटला. “महाराज, काही तरी वाट सांगा. फक्त त्याला विचारायला लावू नका.”

“का?”

“तो... नाही म्हणाला तर?”

महाराजांनी दाराकडे बोट केलं.

“जरा बाहेर जा.”

“बाहेर?”

“जा म्हटलं ना.”

लॅपटॉप चटईवर ठेवून अच्युतराव ओट्यावर गेले. वळले. पाऊल उचललं आणि उंबऱ्यापाशी थबकले. खूण पटली होती. विद्यार्थ्याच्या लबाड प्रश्नाला हसावं तसे ते हसले.

“येऊ का?”

“नाही.”

नदीवर कुठं तरी टिटवी ओरडली.

“बरं, कळलं महाराज. येऊ का?”

“नाही.”

आवाजात थट्टा नव्हती. रागही नव्हता. अच्युतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एका गोसाव्यानं नाही म्हटलं तर काय होतं, असं ते स्वतःला समजावू लागले. पण समजावणी पुढं सरकेना. लॅपटॉप आत दिसत होता, चार पावलांवर.

“माझी... वस्तू आहे आत,” ते कसंबसं म्हणाले, आणि आवाज फुटला.



मग महाराज म्हणाले,

“एवढं लागलं?... हे तर परक्याचं दार आहे, मास्तर. मुलाचं याहून लागेल, तरी विचारायचं तिथंच.”